साखरपाण्याचं शून्य

मी एक मीटर बोलतोय. विजेचा नव्हे, रिक्षाचा तर नव्हेच. उसाच्या रसाची गोडी सांगणारा, वीतभर लांबीचा, डोळ्याला लावून बघायचा मीटर. कागदोपत्री माझं नाव रिफ्रॅक्टोमीटर असं लांबलचक आहे. पण ते घेताना माणसांची जीभ अडखळते, म्हणून शेतावर सगळे मला मीटरच म्हणतात. दगडाबाई तेवढी दुर्बीण म्हणते.

सध्या माझा मुक्काम थेटे सरांच्या टेबलाच्या तिसऱ्या खणात आहे. खणाला कुलूप आहे. सोबतीला एक सुकलेलं पेन, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि घडी घातलेला एक कागद आहे. त्या कागदाचं मी शेवटी सांगेन. दुसऱ्याच्या पोटातलं बाहेर काढायचं तर आधी आपलं सांगावं, म्हणून आधी माझा गुन्हा सांगतो.

माझं काम अगदी साधं. एका टोकाला तिरपी काच आहे. तिच्यावर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे तोंड करायचं आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आत वर निळं दिसतं, खाली पांढरं. दोन्हींच्या मधली रेघ पट्टीवर जिथे थांबेल तेवढी गोडी. शुद्ध पाण्याला शून्य, बऱ्या उसाला सोळा-सतरा, नामांकित उसाला वीसच्या आसपास. माझ्या मानेवर एक बारीक स्क्रू आहे. तो फिरवला की रेघ वरखाली सरकते. म्हणून रोज सकाळी काचेवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे ना, हे बघायचं असतं. कारण शून्य माझं मला ठरवता येत नाही. माणूस ज्याला शून्य म्हणेल तिथून मी इमानेइतबारे मोजत जातो.

उत्तरेकडच्या एका लहानशा कारखान्यात माझी काच घासली गेली. अकरा वर्षांपूर्वी पार्सलातून इथे आलो, पुणतांब्याच्या अलीकडे कालव्याकाठी असलेल्या या ऊस संशोधन केंद्रात. आलो आणि थेट कपाटात गेलो. पहिली चार वर्षं माझ्या अंगावरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नाही. नवरीला सासरी आणून माजघरात विसरावं तसा प्रकार. त्यानंतरही वर्षातून दोन-चार दिवस बाहेर काढायचे, तेही थेटे सरांनी आधीच पसंत केलेल्या उसावर शिक्का मारण्यापुरते.

कारण इथे डोळ्याचं राज्य होतं, आणि तो डोळा काकासाहेब थेटे सरांचा. सर केंद्राचे प्रमुख. घरची शेती गोदाकाठची, म्हणजे चालायला लागल्यापासून ऊस पाहिलेला माणूस. उसाच्या रानात शिरले की लग्नघरातल्या मोठ्या काकांसारखे चालायचे; याच्याकडे बघ, त्याच्याकडे बघ, हातातल्या काठीनं एखाद्या बेटाला, म्हणजे एका रोपातून फुटलेल्या उसांच्या जुडीला, नुसता स्पर्श करायचा. मागचा मजूर त्या बेटाला लाल फीत बांधायचा. फीत बांधली ते राहिलं, बाकीचं कोयत्याखाली.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. शेतकरी ऊस लावतो तो कांडीपासून, त्यामुळे सगळं रान एका जातीचं. नवी जात काढायची तर तुऱ्यातलं बी लागतं. दक्षिणेकडे दोन जातींचा संकर करून ते बी इथे येतं, फुंकर मारली तर उडून जाईल इतकं हलकं. त्यातून हजारो रोपं होतात आणि एकाच आईबापाची असूनही एकासारखं दुसरं नसतं. एका जोडीच्या सगळ्या रोपांना आम्ही कूळ म्हणतो. या हजारांतून कोणती पुढे न्यायची, हे पहिल्याच वर्षी ठरतं. पुढे दहा-बारा वर्षं परीक्षा चालतात, पण त्या पहिल्या वर्षी पास झालेल्यांच्याच. पहिल्या वर्षी जो ऊस कापला गेला, त्याच्यात काय होतं ते नंतर ब्रह्मदेवालाही कळत नाही.

सविता आली तीन वर्षांपूर्वी. माहेर नगरजवळच्या केडगावचं, शिक्षण शेतकीचं, नेमणूक अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. पुणतांब्यात खोली घेऊन राहायची. मला कपाटातून काढून तिनं ओढणीच्या टोकानं माझी काच पुसली, खिडकीकडे धरून आत पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर नवाकोरा आहे." मी यंत्र आहे, मला आनंद होतो असं म्हणणं शोभत नाही. पण झाला.

सविता सरांना मान द्यायची, आणि तरीही ऐकायची नाही. तिनं गुपचूप सरांच्या चार वर्षांच्या लाल फितींचा नकाशा काढला. तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त फिती पाण्याच्या दांडाला लागून होत्या, किंवा शेजारचं रोप मेलेल्या मोकळ्या जागेपाशी. त्या बेटांना पाणी आणि जागा जास्त मिळाली म्हणून ती जाड दिसली होती. पुढच्या वर्षी ओळीत लावली की तीच बेटं काडीसारखी निघायची. सविताचं म्हणणं एवढंच, की आधी कूळ जोखा, मग रोप. प्रत्येक कुळातली दहा बेटं चिठ्ठ्या टाकून निवडा, म्हणजे डोळ्याला लबाडी करता येणार नाही. त्यांची गोडी मोजा, सरासरी काढा. जे कूळ गोड, त्यातच पुढे निवड करा.

सरांनी तो नकाशा बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "ऊस मोजायचा नसतो गं, ओळखायचा असतो." पण दोन वर्षं ती मागे लागली तेव्हा यंदा त्यांनी रानाचे दोन भाग केले. वीस कुळं त्यांच्या डोळ्याची, वीस कुळं तिच्या मीटरची. मार्चमध्ये बाहेरच्या केंद्रांवरची माणसं येतील, त्यांच्यासमोर दोन्ही निवडी ठेवायच्या. सविताची ऑर्डर मार्चअखेरीलाच संपत होती. तिनं मला गळ्यात अडकवलं आणि कामाला लागली.

दगडाबाई तिच्या मदतीला. ही मूळची जामखेडकडची. ऊसतोडीचे पंधरा हंगाम केले, मग लेक पुणतांब्यात दिली म्हणून इथेच राहिली आणि केंद्रावर रोजानं यायला लागली. चिठ्ठ्यांचा डबा तिच्याकडे असायचा. भिशीची चिठ्ठी काढावी अशा थाटात ती डोळे मिटून चिठ्ठी काढायची, आकडा सविता वाचायची, मग दगडाबाई त्या बेटातले तीन ऊस धरायची. सविता पोकळ दाभणानं ऊस टोचून थेंब माझ्या काचेवर सोडायची. मोजून झालेल्या उसाचं एक कांडं दगडाबाईच्या तोंडात जायचं. सगळं आयुष्य ऊस तोडण्यात गेलं, पण चाखायला सवड इथे आल्यावर मिळाली असं ती म्हणायची.

पहिल्या दोन दिवसांत आठ कुळं झाली. मी चोख काम केलं, हे सांगताना आजही मान ताठ होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घात झाला. फेब्रुवारीचा शेवट, उसाच्या रानात वारा नाही, सविता सकाळपासून उपाशी. बांधावरून चालताना तिला भोवळ आली आणि ती मट्कन खाली बसली. मी तिच्या हातातून निसटून बांधाच्या दगडावर आपटलो. शुद्ध पाण्याची लहान बाटली माझ्याच डबीत असते. तिच्या झाकणाला तडा गेला आणि पाणी मातीत गेलं. दगडाबाईनं तिला सावलीत नेलं, डोक्यावर पाणी थापलं आणि तोंडानं आईसारख्या शिव्या दिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सविता आली. बोरीच्या झाडाला पिशवी अडकवून ती पाट्या तपासायला गेली. दगडाबाईनं इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतली स्टीलची बाटली काढली, कमरेच्या पुडीतून साखर टाकली, चिमूटभर मीठ टाकलं, बाटली हलवली आणि परत ठेवून सरीत निघून गेली. आजारी लेकरासाठी कुठलीही बाई करील तेच तिनं केलं. मी ते पाहत होतो. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग सविता परत आली. माझी डबी उघडली. शुद्ध पाण्याची बाटली रिकामी. प्रयोगशाळेत जाऊन-येऊन अर्धा तास गेला असता, आणि ऊन चढायच्या आत चार कुळं व्हायची होती. तिनं क्षणभर विचार केला. घरचं फिल्टरचं पाणी आहे, पाणी ते पाणी, असं काहीतरी ती पुटपुटली आणि स्टीलच्या बाटलीतून लहान बाटली भरली.

थेंब काचेवर पडला आणि रेघ तीनवर गेली. पाण्यात साखर होती, मी साखर सांगितली. त्या दिवसातलं माझं ते शेवटचं खरं वाक्य. सविताला वाटलं, कालच्या आपटीनं याचं शून्य हललं. तिनं स्क्रू फिरवून रेघ तीनवरून खाली आणली आणि शून्यावर बसवली. त्या क्षणापासून साखरपाणी माझं शून्य झालं आणि प्रत्येक ऊस मला तीननं कमी गोड दिसायला लागला.

मला ओरडता आलं असतं तर! तासाभरानं तिला तहान लागली. एक घोट घेऊन ती थांबली.

"मावशी, पाण्यात काय टाकलंय?"

"साखर-मीठ हाय. गुमान प्या. काल डोळं पांढरं केल्तं तुमी."

सविता हसली, आणखी दोन घोट प्यायली, बाटली बंद केली. शून्याचा विषय तिच्या डोक्यातून तासापूर्वीच गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. पुढच्या दोन सकाळी तिनं त्याच लहान बाटलीतला थेंब टाकला, रेघ नेमकी शून्यावर दिसली आणि तिनं समाधानानं मान डोलावली.

तीन दिवसांत बारा कुळं झाली. पाचव्या दिवशी सतरा नंबरचं कूळ आलं. ऊस बारीक, पानं रुंद, दिसायला अगदीच किरकोळ. मी सतरा सांगितलं, कधी साडेसतरा. दगडाबाई कांडं चघळता चघळता थांबली.

"ताई, ह्यो लई ग्वाड हाय. पैल्या दिवशीचा येकबी ह्याच्याम्होरं टिकत न्हाई."

"जीभ फसते मावशी," सविता वहीतून मान वर न करता म्हणाली. "म्हणून तर मीटर आणलाय."

दगडाबाईनं कांडं पुन्हा तोंडात घातलं. शिकलेल्या बाईच्या हातात दुर्बीण आहे म्हटल्यावर आपण काय बोलणार, असा तिचा चेहरा होता. तिच्याकडे पाहायची मला लाज वाटली.

हिशेब झाला. वीसपैकी सहा कुळं पुढे गेली आणि सहाच्या सहा पहिल्या दोन दिवसांतली निघाली. सतरा नंबर अगदी थोडक्यात हुकलं. सर यादी बघून म्हणाले की तुझ्या मीटरला पहिलेच पाहुणे बरे आवडलेले दिसतात. ही चेष्टा होती, पण तिच्यात एक शहाणा प्रश्न होता. सविता थांबून विचार करती तर तिला तो दिसला असता. पण तिला त्यात फक्त टोमणा ऐकू आला. तिनं वही पुढे केली आणि सांगितलं की आकडे आहेत, सर, माझं मत नाही.

आठवडाभरात बाद झालेली कुळं तोडून कारखान्याला गेली. रानात नुसते बुडखे राहिले. ऊस तोडला तरी त्याच्या खोडक्यातून पुन्हा फूट येते, खोडवा होतो; पण हे रान नव्या लागणीला हवं होतं. नांगरट ठरली.

ज्या दिवशी नांगरट सुरू झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. सकाळी सविता प्रयोगशाळेत तक्ते लावत होती. मला पाहुण्यांना दाखवायचं म्हणून तिनं माझी डबी उघडली. डबीत मुंग्या होत्या. माझ्या काचेवर, पट्ट्यावर आणि सगळ्यात जास्त त्या लहान बाटलीच्या तडकलेल्या झाकणाभोवती. गेले चार दिवस त्या येत होत्या. माझं म्हणणं ऐकायला पहिल्यांदा आल्या त्या त्याच.

सविता त्यांना झटकणार तोच तिचा हात थांबला. शुद्ध पाण्याला मुंग्या कशाला लागतील? तिनं झाकण उघडून वास घेतला. आंबूस वास होता. बोट बुडवून जिभेला लावलं. मग ती स्टुलावर बसली.

उठली तेव्हा तिनं कपाटातलं खरं शुद्ध पाणी काढलं. मला धुतलं, पुसलं, थेंब टाकला आणि डोळा लावला. रेघ दिसेना. ती शून्याच्या खाली, पट्टीच्या बाहेर गेली होती. आतलं सगळं निळंच निळं. सवितानं वही उघडली, बारा कुळांच्या आकड्यांत तीन-तीन मिळवले. सतरा नंबरचं कूळ वीसच्या वर गेलं. यादीत सगळ्यांच्या वर.

खिडकीतून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

त्या वेळी तिच्या मनात काय आलं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण सोपी वाट समोर होती. नुसतं गप्प बसायचं होतं. बाटली धुऊन टाकली की पुरावा संपला, संध्याकाळपर्यंत रान नांगरून झालं असतं, उद्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, एप्रिलची ऑर्डर निघाली असती. बोललं तर दोन वर्षांच्या भांडणाचा निकाल तिनं स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या विरुद्ध दिला असता. मोजणं डोळ्यापेक्षा खरं, असं जिनं सांगितलं तिचंच मोजणं खोटं निघालं होतं.

तिनं बाटली उचलली आणि बेसिनपाशी गेली. नळ सोडला. मला वाटलं, संपलं. पण तिनं नळाच्या पाण्याचे चार हबके तोंडावर मारले, नळ बंद केला, बाटली तशीच मुंग्यांसकट मुठीत धरली, मला गळ्यात घातलं आणि पळत सुटली.

थेटे सर शेतावरच्या शेडमध्ये चहा घेत होते. कोपऱ्यात दगडाबाई पाट्या पुसत होती. सविताला धाप लागली होती.

"सर, ट्रॅक्टर थांबवा. माझ्या बारा कुळांची वाचनं चुकलीत."

सरांनी कप खाली ठेवला. "काय चुकलं?"

"शून्य. शून्य लावायचं पाणी मी प्यायच्या बाटलीतून भरलं. त्यात साखर होती. सगळे आकडे तीननं कमी आलेत."

"प्यायच्या पाण्यात साखर कुणी टाकली?"

सवितानं दगडाबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाटली माझी होती, सर. भरली मीच."

दगडाबाईच्या हातातली पाटी खाली पडली. तिला सगळं कळलं नव्हतं, पण पुरेसं कळलं होतं. ती पुढे आली. "साखर म्या टाकली, सायेब. ताईला भवळ आल्ती म्हून. तिला बोल लावू नगा."

 सरांनी फोन लावला. ट्रॅक्टरवर ओंकार होता, आणि ओंकारच्या ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्यानं लागतात की त्याला फोन काय, तोफ ऐकू येणार नाही. दगडाबाई फोनची वाट बघत थांबली नाही. पदर खोचून ती बुडख्यांमधून धावत सुटली. साठीची बाई, पण अशी धावली की आम्ही मागे राहिलो. ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन तिनं दोन्ही हात पसरले तेव्हा ओंकारनं ब्रेक दाबला.

नांगरट पलीकडच्या टोकाकडून सुरू झाली होती. वीस, एकोणीस, अठरा ही कुळं गेली होती. सतरा नंबरची शेवटची सरी नुकतीच नांगरामागे पडली होती. नऊपासून सोळापर्यंतची आठ कुळं वाचली. त्यांचा खोडवा येईल, पुढच्या वर्षी ती पुन्हा मोजता येतील. सतरा नंबरची पाटी ढेकळांमध्ये उताणी पडली होती. सविता तिच्याजवळ उकिडवी बसली आणि रडली. सरांनी तिला उठवलं नाही.

दुपारी दगडाबाई पदरात काहीतरी बांधून प्रयोगशाळेत आली. तिनं सतरा नंबरच्या ढेकळांत शोधून एक बुडखा आणला होता, मुळांसकट, वर चार बोटं ऊस शिल्लक असलेला. ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये म्हणतात. इथे नांगरानं नेमकं तेच केलं होतं आणि उरलंसुरलं एवढंच होतं. सवितानं मला शुद्ध पाणी दाखवलं. एकदा, दोनदा, तीनदा. स्क्रू जागेवर आणला. मग बुडख्यात दाभण घातलं. कसाबसा एक थेंब निघाला.

मी बावीस सांगितलं.

सवितानं डोळा काढला, पुन्हा लावला. दगडाबाईनं आकडा विचारला. सांगितल्यावर ती म्हणाली, "म्या तवाच म्हन्लं हुतं." तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

पण खरं सांगायचं तर त्या बावीसची मला खात्री नाही. बुडख्याकडचा ऊस तसाही जास्त गोड असतो. तोडून आठ दिवस झालेले, ऊन लागलेलं. रस आटला की गोडी चढते. सविताला हे माहीत होतं. तिनं आकडा वहीत लिहिला आणि पुढे लिहिलं, ग्राह्य नाही. तीन दिवस मी खोटं बोललो ते खरं मानलं गेलं, आणि खरं बोललो ते ग्राह्य नाही. ती शिक्षा मला मान्य आहे. तो बुडखा तिनं नळापाशी मातीत लावला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर सवितानं सगळं सांगितलं. दगडाबाईचं नाव घेतलं नाही. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. एका पाहुण्यानं समजुतीनं म्हटलं की म्हणूनच अनुभवी डोळ्याला पर्याय नसतो. सर खाली मान घालून ऐकत होते. कुळं मोजायची पद्धत पुढे कधीतरी बघू, असं ठरलं. म्हणजे काय ते सविताला कळलं, मलाही कळलं.

आता त्या कागदाचं.

पाहुणे गेल्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी कुणी आलेलं नसताना, सरांनी मला डबीतून काढलं. एकटेच मला घेऊन स्वतःच्या वीस कुळांत गेले. लाल फिती बांधलेली बेटं अजून उभी होती. सरांनी खिशातून शुद्ध पाण्याची सीलबंद बाटली काढली, तीन वेळा माझं शून्य पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक बेट मोजायला लागले. साठ बेटं मोजली. दांडाच्या कडेची ती जाडजूड, देखणी बेटं मी पंधरा सांगितली, सोळा सांगितली, काही तेरा. एक-दोनच वीसपर्यंत गेली. सर आकडे एका औषधाच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीनं लिहीत होते. चाळीसनंतर त्यांनी शून्य पुन्हा एकदा पाहिलं. माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि मी तर त्यांना दोष देऊ शकत नव्हतो. पण रेघ शून्यावरच होती.

शेवटचं बेट झाल्यावर ते बांधावर बसले. मला ओल्या रुमालानं पुसलं, हळू हातानं, काचेला ओरखडा न पाडता. मग इथे आणून ठेवलं, शेजारी तो कागद घडी घालून ठेवला आणि कुलूप लावलं. कुणाला काही बोलले नाहीत. आज सव्वीस दिवस झाले.

सविताची ऑर्डर आलेली नाही. ती खोली आवरते आहे असं काल दगडाबाई ओंकारला सांगताना मी ऐकलं. बाहेर लाल फितीची बेटं पुढच्या लागवडीसाठी तोडायला सुरुवात झाली आहे. तीच पुढे जातील. दहा-बारा वर्षांनी त्यांच्यातून एखादी जात निघेल किंवा निघणार नाही, आणि नाही निघाली तर कुणी म्हणणार नाही की उत्तर इथे तिसऱ्या खणात पडलं होतं.

थेटे सर, माझी विनंती तुम्हालाच आहे. तुमचा डोळा वाईट नाही; मी अकरा वर्षं त्याला पाहतोय. पण साठ बेटं मोजताना तुम्ही एकटे नव्हता, मी होतो. त्या पोरीच्या मुठीत बाटली होती, समोर नळ होता, आणि तरी ती तुमच्यापाशी पळत आली. तुम्हाला पळायचंसुद्धा नाही. खण उघडायचा, कागद तिच्या हातात द्यायचा, एवढंच. माझं काय व्हायचं ते होवो. मोडीत काढा, नवीन आणा, रेघेऐवजी आकडे दाखवणारा आणा. फक्त त्यालाही रोज सकाळी खरं पाणी दाखवा.

खणात ऊन येत नाही, आवाज मात्र येतात. रोज सकाळी खिडकीबाहेरचा नळ सुटतो, दगडाबाई तांब्या भरून त्या बुडख्याला घालते. तेवढ्यात सरांची पावलं वाजतात आणि खिडकीपाशी थांबतात. सर रोज एकच विचारतात, आणि आजही त्यांनी तेच विचारलं.

"फुटला का गं?"

"न्हाई अजून, सायेब. पर खुट वला हाय."

मग खुर्ची सरकते. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो. मी वाट बघतो.